बोनम खाली ठेवायचं नाही

त्या रविवारी आईने मला दोन गोष्टी बजावल्या होत्या. उर्सुला आंटीचा हात सोडायचा नाही आणि नया पुलाच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही.

"आणि पाणी बाटलीतलंच द्यायचं," बाबा म्हणाले.

"ही तिसरी झाली," मी म्हणाले.

"केतकी, घरात डिबेट नको. पाहुणी आहे ती आपली. तिला नुसतं खरचटलं तरी उद्या कारखान्यात मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

"बाबा, मी आहे ना!"

हे 'मी आहे ना' त्या महिन्यात माझ्या तोंडात फारच बसलं होतं. जूनमध्ये सगळ्या शाळांच्या इंग्लिश वादविवादात मी पहिली आले होते. स्टेजवर उभी राहिल्यावर पाय कापले नाहीत, आवाज अडकला नाही. दहावीची मुलगी आहे की वकील आहे, असं एक परीक्षक म्हणाले. तेव्हापासून मला वाटायला लागलं होतं की भीती हा प्रकार माझ्यापुरता संपला.

उर्सुला आंटी जर्मन. बाबांच्या कारखान्यात त्या वर्षी बाहेरच्या देशातून नवीन यंत्रं आली आणि ती कशी चालवायची ते शिकवायला यंत्रांच्या मागोमाग ही आली. तारनाक्याला आमच्याच गल्लीत कंपनीचं गेस्ट हाउस होतं, तिथे ती राहायची आणि रविवारी आमच्याकडे वरणभात जेवायची. जर्मन बाई म्हणजे ताडमाड असेल अशी माझी कल्पना होती. ही निघाली आईएवढीच, गोल चेहऱ्याची, चाळिशीची. उन्हात भाजून लाल झालेली आणि सदा हसणारी.

त्या दिवशी नामपल्लीला मावशीकडे आमच्या वैशालीताईचं डोहाळजेवण होतं. आईने आंटीला आपली पोपटी नारायणपेठ साडी नेसवली. लाल काठाची. जेवणं झाली, सगळी मंडळी पंख्याखाली आडवी झाली, पण आंटीला दुपारी झोप कशी ती ठाऊकच नाही. "मला शहर बघायचंय," ती म्हणाली. "गाडीच्या काचेतून नको, पायांनी." म्हणून मग आम्हाला बेगम बाजारपर्यंत परवानगी मिळाली. दिवे लागायच्या आत परत यायचं, या बोलीवर.

बेगम बाजारात आंटीने हळकुंडांच्या ढिगात हात घातला, मिरच्यांच्या पोत्यापाशी शिंकली, पितळेच्या दोन लहानशा समया घेतल्या. मी भाव केला. दुकानदार मारवाडी, त्याच्याशी हिंदी, हमालाशी तेलुगू, आंटीशी इंग्लिश, आणि मनातल्या मनात स्वतःशी मराठी. कसलं भारी वाटत होतं! तेवढ्यात समोरून चारसहा बायका गेल्या. डोक्यावर हळद लावलेल्या मडक्या, कडुनिंबाच्या डहाळ्या, मडकीच्या तोंडावर पेटता दिवा.

"हे काय आहे?" आंटीने माझा दंड पकडला.

"बोनालू," मी म्हणाले आणि मला चेवच आला. "आषाढातला सण. मडकीत दूधगुळाचा भात असतो, त्याला बोनम म्हणतात. देवीला न्यायचा. एकदा डोक्यावर घेतलं की देवळात पोचेपर्यंत बोनम खाली ठेवायचं नाही."

"ठेवलं तर?"

खरं तर मला माहीत नव्हतं. पण ज्या मुलीने डिबेट जिंकली आहे ती 'माहीत नाही' असं कसं म्हणणार? "ठेवलं तर देवी कोपते," मी म्हणाले. "पूर्वी म्हणे एका बाईने ठेवलं आणि अख्ख्या वस्तीत पटकीची साथ आली. माणसं पटापट मेली."

हे सगळं मी तिथल्या तिथे रचलं. आंटीचे निळे डोळे केवढे मोठे झाले!

"आणि आज मोठा उत्सव कुठे असतो?"

"लाल दरवाजाला. पण ते पुलाच्या पलीकडे, जुन्या शहरात."

"केतकी, अर्धाच तास. प्लीज. पुढच्या महिन्यात मी परत जाणार. माझं सगळं हैदराबाद म्हणजे एक कारखाना आणि एक गेस्ट हाउस."

आई जुन्या शहराला एवढी का घाबरते ते मला माहीत होतं. मी लहान असताना तिथे दंगल झाली होती, कितीतरी दिवस कर्फ्यू होता, आणि बाबांचे एक मित्र तिकडे अडकले होते. तेव्हापासून पूल म्हणजे आमच्या घरची लक्ष्मणरेषा. पण ते सगळं जुनं झालं, असं मी स्वतःला सांगितलं. आता घरोघरी केबल आहे, जर्मनीहून यंत्रं येतात, आणि मी आहे ना!

चारमिनारच्या पुढे जाऊन ऑटोवाल्याने ब्रेक मारला. "आगे नै जाती बच्ची. रस्ता बंद है. पैदल जाओ, और मेमसाब कू संभालो."

संभालो म्हणे! गर्दी मी पाहिली नव्हती असं नाही, पण ही गर्दी एका दिशेने सरकत होती, नदीसारखी. दर कोपऱ्यावर लाठीवाले पोलीस. डप्पू म्हणजे इथले मोठे डफ, त्यांचा आवाज कानात नाही, बरगड्यांत वाजत होता. आणि सगळे आमच्याकडे बघत होते. पोरं मागे लागली, "इंग्लिश! इंग्लिश!" कुणी आंटीच्या केसांना हात लावला. एक माणूस मुद्दाम धक्का देऊन गेला. आंटी हसत होती, पण तिची बोटं माझ्या हातात घट्ट रुतली होती.

आणि मग मला ती ग्रेट आयडिया सुचली.

एका ओट्यावर दोनतीन बायका परातीत हळद कालवून बसल्या होत्या. बोनम नेणाऱ्या बायका त्या दिवशी तोंडाला आणि पायांना हळद फासतात. मी त्यांतल्या एकीला म्हटलं, "अम्मा, आमच्या आंटीला पण लाव ना." ती खूश झाली. बसवलं तिने आंटीला, चपला काढायला लावल्या, कपाळापासून हनुवटीपर्यंत, कानामागे, मानेवर, पावलांवर घोट्यापर्यंत अशी दाट हळद फासली की आतलं माणूस दिसेना. वर रुपयाएवढं कुंकू. मी साडीचा पदर तिच्या डोक्यावरून ओढून घेतला. सोनेरी केस गायब! पोरं कंटाळून निघून गेली. आता आंटीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं.

"मी अदृश्य झाले," आंटी म्हणाली.

"मी आहे ना," मी म्हणाले. तिच्या चपला मी माझ्या हातात घेतल्या. जाड पट्ट्यांच्या, जर्मन.

ओट्याच्या पुढे एक म्हातारी चालली होती. पाठीचा कणा धनुकलीसारखा, पण डोक्यावर बोनम ताठ. अचानक ती थबकली आणि एका बाजूला झुकली. दिव्यातलं तेल तिच्या खांद्यावर सांडलं. "पट्टु, पट्टु!" ती ओरडली. धर, धर! सकाळपासून उपाशी होती ती, चक्कर आली होती. मी पुढे व्हायला हवं होतं. पण माझ्या एका हातात चपला, दुसऱ्यात समयांची पिशवी. आणि खरं सांगायचं तर मला त्या मडकीची भीती वाटली. बोनम डोक्यावर घेतलं की कुणाकुणाच्या अंगात येतं, हे मी गल्लीतच पाहिलं होतं. आंटीला असलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने माझा दंड सोडला, दोन्ही हातांनी मडकं उचललं आणि आपल्या डोक्यावर घेतलं.

"बस, एक मिनिट," ती मराठीत म्हणाली. तिला येत होते त्या पाच शब्दांपैकी तीन!

मी म्हातारीला धरून एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं. बाटलीतलं पाणी पाजलं. तिचं नाव अंजम्मा. ती माझ्या गालाला हात लावून काही बोलणार, एवढ्यात गर्दी किंचाळली.

पोतराजू आला!

पोतराजू म्हणजे देवीचा भाऊ. बायकांच्या पुढे नाचत वाट मोकळी करणारा. पण हे तुम्ही त्याला लांबून पाहिलं असेल तर. जवळून तो म्हणजे उघडाबंब, हळदीने माखलेला, कमरेला कडुनिंब, पायांत घुंगरं, दातांत लिंबू, डोळे तांबारलेले आणि हातात चाबूक. लहान असताना मी त्याला बघून पलंगाखाली शिरले होते आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नव्हते. चाबूक सट्‌कन वाजला. गर्दी दोन्हीकडे फुटली. मी अंजम्माला कवटाळून डोळे गच्च मिटले. घुंगरं आमच्या अगदी पुढ्यातून गेली. मागून डप्पू, मागून बायकांचा लोंढा.

डोळे उघडले तेव्हा आंटी नव्हती.

"आंटी!" मी हाक मारली. मग जोरात. मग इतकी जोरात की घसा सोलवटला. डप्पूंपुढे माझाच आवाज मला ऐकू येईना. मी पायरीवर चढले. समोर मडक्याच मडक्या. प्रत्येकीवर दिवा, प्रत्येकीखाली पिवळा चेहरा. पोपटी साड्या तर निम्म्या जणींच्या होत्या. सगळ्या सारख्या. मीच केलं होतं तिला सगळ्यांसारखं.

अंजम्मा माझा फ्रॉक ओढत होती. "ना बोनम! ना बोनम एदी?" माझं बोनम कुठाय? तिचं बोनम हरवलं होतं, माझी आंटी हरवली होती, आणि दोन्ही एकाच ठिकाणी होती. फक्त ते ठिकाण कुठे ते कुणालाच माहीत नव्हतं.

मी पोलिसाकडे धावले. "अंकल, एक फॉरेनर लेडी देखे क्या?"

"फॉरेनर? इधर?" तो हसला. "सुबह से खडा हूं, एक बी गोरी नै दिखी."

"गोरी नहीं है, पीली है!"

त्याने समोरच्या शेकडो पिवळ्या बायकांकडे लाठी केली. "ले, कौनसी होना बोल."

रडू यायला लागलं. कुणी ढकललं तर? पडली तर? माझं कुणी ऐकेना, मग तिचं कोण ऐकणार? तिला तेलुगू येत नाही, हिंदी येत नाही, पत्ता येत नाही. गेस्ट हाउसला ती 'गेस्ट हाउस' म्हणते, बस. तिचे पैसे, पासपोर्ट, सगळं माझ्या हातातल्या समयांच्या पिशवीत. आणि पायात चप्पलसुद्धा नाही.

कोपऱ्यावर एक अत्तराचं दुकान अर्धं उघडं होतं. काउंटरवर पिवळा फोन. आत पांढऱ्या दाढीचे चाचा बसले होते. त्यांनी काही न विचारता फोन माझ्याकडे सरकवला. मी मावशीकडचा नंबर फिरवला आणि आईनेच उचलला.

"केतकी? कुठे आहात गं? चहा झाला इथे."

तोंड उघडलं मी. आई, आंटी हरवली. एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द.

"बेगम बाजारातच आहोत," मी म्हणाले.

"मागे आवाज कसला?"

"कॅसेटचं दुकान आहे."

"उर्सुलाबाई कशा आहेत? दे बरं त्यांच्याकडे."

"त्या... त्या बरण्या बघतायत. येतो आम्ही." मी फोन ठेवला.

"अम्मी कू झूट बोले?" चाचांनी विचारलं. हैदराबादी माणसाला मराठी कळत नाही असं समजू नये. मी मान हलवली आणि हुंदका फुटला. "रोना नक्को," ते म्हणाले, "रोने से आंख धुंदली होती, फिर ढूंढेंगे कैसा? पैसे रहने दो. जाओ, जल्दी जाओ."

बाहेर अंजम्मा उभी होती, भिंतीला धरून. "गुडिके पोतदी," ती म्हणाली. बोनम देवळातच जाणार. ती हे इतकं साधेपणाने म्हणाली की मला पहिल्यांदा श्वास घेता आला. खरंच की. आंटीला मी काय सांगितलं होतं? देवळात पोचेपर्यंत खाली ठेवायचं नाही. ठेवलं तर माणसं मरतात. आंटी यंत्राचा एक स्क्रूसुद्धा पुस्तकात लिहिलाय तसाच फिरवते, असं बाबा नेहमी सांगायचे. ती खाली ठेवणार नाही. मेली तरी ठेवणार नाही.

मी अंजम्माचा हात धरला आणि आम्ही लोंढ्याबरोबर निघालो. पण थोडं पुढे गेल्यावर रस्ता फुटला. रुंद फाटा मोठ्या देवळाकडे जात होता. दुसरी बोळासारखी गल्ली, अंजम्माच्या वस्तीतल्या धाकट्या देवळाकडे. दोन्हींकडे बायका चालल्या होत्या, दोन्हींकडे दिवे. चुकीच्या फाट्याला गेलो असतो तर त्या गर्दीतून परत फिरणंच शक्य नव्हतं.

"तुझं बोनम कुठलं?" मी विचारलं.

"चिन्न गुडी," ती म्हणाली. धाकटं देऊळ. पण बोनमला ते माहीत असलं तरी आंटीला कुठून माहीत असणार? गर्दी नेईल तिकडे ती जाणार.

दोन्ही फाट्यांच्या तोंडाशी उंबऱ्यांवर बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. बोनम घेतलेली बाई दारावरून गेली की तिच्या पावलांवर पाणी घालायचं, हा रिवाज. देवीच चालत आली असं समजून. त्या वाकत, पाणी घालत, वर बघतच नव्हत्या. त्यांच्यापुढून दिवसभर फक्त पाय जात होते.

पाय!

मी हातातल्या चपलांकडे पाहिलं. जाड दोन पट्टे, घोट्याला एक. आंटी रोज त्याच चपला घालून तारनाक्याच्या उन्हात फिरायची. पट्ट्यांखालची कातडी दुधासारखी आणि मधली विटेसारखी लाल. वैशालीताई त्या पायांना बघून सकाळीच खुदखुदली होती. हळदीखाली ते झाकलं होतं. पण पाणी पडल्यावर?

मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी मी पहिल्या बाईला चप्पल दाखवली. तोडक्यामोडक्या तेलुगूत सांगितलं, असे पट्टे, पायांवरच, पायात जोडवी नाहीत. तिने मान हलवली. दुसरीने पण. पाठीमागून लोक ढकलत होते, अंजम्माचा हात माझ्या हातातून निसटत होता, आणि मी दुसरं माणूस गमावणार होते. कशीबशी बोळाच्या तोंडाशी आले. तिथे एक जाडजूड बाई घागर रिकामी करून कमरेवर हात ठेवून उभी होती. चप्पल बघताच तिने कपाळावर हात मारला.

"अय्यो, ती होय! मी शिव्या दिल्या तिला," ती अर्ध्या हिंदीत, अर्ध्या तेलुगूत म्हणाली. "चप्पल घालून बोनम नेतेस, लाज नाही? आणखी पाणी ओतलं तर चप्पल कुठली! पायालाच चप्पल छापलेली! कसली बाई आहे ती? एक शब्द बोलली नाही. मी तर हातच जोडले."

"कुठे गेली?"

तिने बोळात बोट दाखवलं.

बोळ इतका अरुंद की दोन्ही भिंतींना हात लागावेत. पुढे बायकांची रांग थांबली होती. आणि रांगेच्या शेपटापाशी, बोळ अख्खा अडवून, पोतराजू नाचत होता.

माझे पाय जमिनीला चिकटले. दुसरी वाट नव्हती. चाबूक भिंतीवर सटकन बसला, चुन्याचे कपचे उडाले. "पो पापा, पो," अंजम्मा मागून म्हणाली. जा पोरी, जा. हिचं काय जातंय, असं मला वाटलं. डिबेटमध्ये घाबरल्यासारखं झालं की मी समोरच्या भिंतीकडे बघून बोलायचे. इथे भिंतीच्या जागी तो होता. मला एवढंच आठवलं की लोक पोतराजूपुढे मनगट धरतात, चाबकाचा फटका प्रसाद म्हणून घेतात. मी डोळे मिटले आणि चपलांसकट हात पुढे केला.

सट्‌. मनगटाला गरम काहीतरी गुंडाळलं गेलं. लागलं, पण वाटलं होतं तेवढं नाही. डोळे उघडले तर तो वाकून माझ्याकडे बघत होता. हळदीच्या आतला चेहरा आमच्या भाजीवाल्यापेक्षा काही फार वेगळा नव्हता. घामेजलेला, दमलेला. दातांत लिंबू असल्याने त्याला बोलता येत नव्हतं. त्याने फक्त भुवया उडवल्या. काय?

"माझी आंटी," मी मराठीतच म्हणाले. सगळ्या भाषा पळून गेल्या होत्या. "माझी आंटी पुढे आहे. तिला काही येत नाही."

त्याने चाबूक सोडवला नाही. तसाच वळला, आणि मनगटाला चाबूक गुंडाळलेल्या मला खेचत रांगेतून निघाला. बायका भिंतीला चिकटून वाट देत होत्या. दिवे माझ्या कानाशेजारून जात होते. मी धावत होते आणि प्रत्येक चेहऱ्याकडे बघत होते. पिवळा. पिवळा. पिवळा. मग एक चेहरा दिसला, त्याच्यावर डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत दोन पांढऱ्या रेघा होत्या. आंटी रडत होती, आणि रडून रडून हळद धुतली गेली होती.

ती खांबासारखी उभी होती. मान हलत नव्हती. मडकीला धरलेले हात थडथडत होते, वरचा दिवा डुलत होता, तेलाचे थेंब मनगटावर पडून तिथे लाल फोड आले होते.

"केतकी," ती पुटपुटली. ओठसुद्धा नीट हलवत नव्हती. "मी सगळ्यांना विचारलं. कुणी घेत नाही. सगळे नमस्कार करतात. हे कुठे ठेवू? माझी मान... मी पाडणार आहे. मी पाडलं तर ती माणसं..."

मी रचलेली पटकीची साथ डोक्यावर घेऊन ही बाई एवढं चालली होती.

"ते खोटं होतं," मी म्हणाले. "मी बनवून सांगितलं. कुणी मरत नाही."

तिने ऐकलं. पण हात खाली घेतले नाहीत. "मग त्या म्हातारीचं काय?" ती म्हणाली. "तिने खाली ठेवलं नव्हतं ना?"

मडकी एका बाजूला कलली. मागच्या बायका "अम्मा! अम्मा!" करून ओरडल्या. पोतराजूने माझ्या मनगटावरचा चाबूक सोडला. मी चपला खाली टाकल्या, पिशवी टाकली, आणि बोनम उचलून डोक्यावर घेतलं.

केवढं जड! आणि गरम. वरून दिव्याची धग, आतून भाताची ऊब, कडुनिंब डोळ्यांत. आता अंगात येणार, असं मला वाटलं. आता मी किंचाळणार, केस मोकळे सोडून घुमणार. मी वाट बघत राहिले. काही आलं नाही. फक्त मानेत कळ आली, आणि पायांवर एकदम गार पाणी पडलं. कुणीतरी उंबऱ्यावरून घागर ओतली होती. मी दचकले, दिवा थरथरला, पण विझला नाही. आंटीने दोन्ही हातांनी माझी कोपरं सांभाळली आणि आम्ही एकेक पाऊल सरकायला लागलो. पुढे पोतराजू. आता त्याची घुंगरं पुढे वाजत होती याचं मला बरंच वाटत होतं.

अंजम्मा बोळात पडलेली पिशवी उचलून देवळाच्या पायरीवर आम्हाला येऊन मिळाली; चपला मात्र गेल्या त्या गेल्याच. माझ्या डोक्यावर बोनम बघून तिने आधी दिवा पाहिला, मग मला, मग आंटीच्या पायांवरचे पट्टे, आणि तिला हसू आवरेना. बोनम तिने आपल्या हातांनी आत नेलं. बाहेर येऊन त्यातला घासभर भात आंटीच्या तोंडात घातला, घासभर माझ्या. आंटीच्या फोडांवर तिने फुंकर घातली आणि तेलुगूत बरंच काही बोलली. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, आंटीला काहीच कळलं नसणार, तरी दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

परतीच्या ऑटोत मी म्हणाले, "आंटी, आईला मी खरं सांगणार आहे."

"सगळं?"

"कॅसेटच्या दुकानापासून सगळं."

"मग मी शेजारी उभी राहीन," ती म्हणाली. तिने माझा हात धरला होता. पुलावरून जाताना मी खाली नदीकडे बघितलंच नाही, पूल संपेपर्यंत श्वास रोखून बसले.

नामपल्लीला दिवे लागले होते. मावशीच्या दारात आई उभी होती, बाबा रस्त्यापर्यंत आलेले. आईने माझ्याकडे पाहिलं. भिजलेला फ्रॉक, मनगटावरचा वळ, केसांतली कडुनिंबाची पानं. मग आंटीकडे. पिवळा चेहरा, ओली झालेली आईचीच नारायणपेठ, अनवाणी पावलं. मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, पण आवाजच फुटेना. स्टेजवर कधी झालं नव्हतं असं.

"आई, आम्ही पुलाच्या पलीकडे..."

"दिसतंय," आई म्हणाली.

तारनाक्याला आमच्या दारावरून दरवर्षी बोनम जातं. आई एरवी सोवळंओवळं पाळणारी बाई नाही, पण त्या दिवशी ती घागर भरून उभी राहते. कुणालाही कोरड्या पायांनी जाऊ देत नाही. ती आत गेली, तांब्या घेऊन आली, आणि वाकून आधी आंटीच्या पायांवर पाणी घातलं. मग माझ्या. पाण्याची धार सरळ पडत नव्हती.

"आत या," ती आंटीला म्हणाली. मग तांब्या माझ्या हातात कोंबला. "आणि तू! फोडांना लावायला आधी मावशीकडून तूप आण. मग बघते तुझ्याकडे."